परवच्यापासून गृहपाठापर्यंत

प्राथमिक शाळेंतील मुलाच्या अभ्यासाचा भार शाळेनें किती वाहावा आणि घरानें किती, हा वाद आजचा वाटतो. परंतु त्याचीं मुळें जुनीं आहेत. तासगांव व त्याच्या आसपासच्या मुलखाच्या इतिहासांत तीं स्पष्ट दिसतात. पटवर्धनांचें हें ठाणें १८४८ सालीं इंग्रजी अंमलाखालीं गेलें. पुढें तासगांव तालुका सातारा जिल्ह्यांत मोडूं लागला. १९४९ सालीं तो दक्षिण साताऱ्यांत आला, व १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. या अवधींत राज्यें बदललीं, तसा घरच्या अभ्यासाचा अर्थहि बदलला.

खात्याच्या शाळा निघण्यापूर्वीं देशावर गांवोगांव पंतोजींच्या शाळा असत. धुळपाटीवर अक्षर गिरवावें, मोडी वळण साधावें आणि हिशेब शिकावा, एवढा तेथील अभ्यासक्रम. घरीं लिहून आणावयाचें असें कांहीं नसे. घरचा अभ्यास म्हणजे परवचा. तिन्हीसांजेस दिवा लागला कीं मुलांनीं हातपाय धुवून बसावें, शुभंकरोति म्हणावें आणि मग तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा घोष करावा. पाऊण शेराचा किंवा अडीच मणांचा भाव तोंडीं सांगणें ज्या बाजारांत नित्याचें होतें, त्या बाजाराचें हें शिक्षण होतें.

परवच्याची खरी खुबी निराळीच होती. तो ऐकणारास लिहितांवाचतां येण्याची आवश्यकता नव्हती. पाढा चुकला कीं त्याची लय तुटे, आणि तुटलेली लय चूल फुंकणाऱ्या आईच्या किंवा जपमाळ ओढणाऱ्या आजीच्या कानास तत्काळ कळे. मात्र या व्यवस्थेचें गुणगान करतांना तिची मर्यादा विसरतां कामा नये. पंतोजींची शाळा मुख्यतः पांढरपेशा व व्यापारी घरांची होती. शेतकऱ्यांचीं मुलें तेथें थोडीं, मुली जवळजवळ नाहींत, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस तर दारच बंद होतें.

१८५५ सालीं मुंबई इलाख्यांत विद्याखातें सुरू झालें. क्रमिक पुस्तकें आलीं, इयत्ता ठरल्या, परीक्षा आल्या. त्याबरोबर घरचा अभ्यासहि कानाकडून डोळ्यांकडे गेला. शुद्धलेखन, उदाहरणें, प्रश्नांचीं उत्तरें हीं घरून लिहून आणावयाचीं म्हटल्यावर तीं तपासावयास घरांत वाचतां येणारें माणूस लागूं लागलें. ज्या घरीं असें माणूस होतें, तेथील मूल पुढें गेलें. ज्या घरीं नव्हतें, तेथील मूल आपल्या बुद्धीच्या दोषावांचून मागें पडलें. गृहपाठाच्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे.

हें मर्म साताऱ्याकडील कटगुणच्या घराण्यांतील जोतीराव फुले यांनीं ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें ठेवलेल्या निवेदनांत त्यांनीं निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. त्याचबरोबर, दारिद्र्यामुळें शेतकऱ्यास गुरें राखावयास व शेताच्या कामास मुलें लागतात, म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसें द्यावींत, असेंहि त्यांनीं सुचविलें. पालकास दोष देण्याआधीं त्याची अडचण पाहावी, ही त्यांची दृष्टि होती. १९१७ सालीं शेजारच्या कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पालकाचें पहिलें कर्तव्य मुलाचा अभ्यास घेणें हें नसून त्यास शाळेंत जाऊं देणें हें होय, असा त्या हुकुमाचा आशय होता.

तिसरा मार्ग भाऊराव पाटलांनीं काढला. १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकाच पंक्तीस जेवत, स्वतः काम करीत व एकत्र अभ्यास करीत. त्या मुलांसाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने खर्ची घातले. घरीं अभ्यासाची सोय नसेल तर मुलास दुसरें घर द्यावें, हा त्यामागील विचार.

अलीकडे सरकारी विचारहि याच दिशेस वळला आहे. १९९३ सालीं यशपाल समितीनें प्राथमिक इयत्तांत, परिसराचा शोध घेण्यापलीकडे, गृहपाठ नसावा असें सुचविलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या. २०२० च्या दप्तरविषयक धोरणांत दुसरीपर्यंत गृहपाठ नाहीं, व तिसरी ते पांचवीस आठवड्यास फार तर दोन तास, अशी मर्यादा घातली गेली.

परंतु कागदावरील मर्यादेनें घरांत शांतता येत नाहीं. ती आणण्याचा एक प्रयत्न सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवीं झाला. साथीच्या काळांत शाळा बंद पडून मुलांच्या हातीं मोबाईल आले व तेथेंच राहिले. तेव्हां २०२२ च्या ऑगस्टांत गांवानें ठरविलें कीं, सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावा, आणि दीड तास घरोघरचे टेलिव्हिजन व मोबाईल बंद राहावे. आरंभीं लोक हंसले. घरोघर फिरून समजूत घालावी लागली. पण त्या दीड तासांत मुलांच्या अभ्यासासाठीं गांवानें पालकांकडून विद्वत्ता मागितली नाहीं. आपलीं करमणुकीचीं साधनें बाजूस ठेवावींत, एवढेंच मागितलें.

परवच्याच्या वेळींहि घराकडून एवढेंच अपेक्षित होतें. शिकविणें हें शिक्षकाचें काम होय. वेळ, दिवा आणि ऐकणारा कान हें घराचें देणें. घराकडून याहून अधिक मागणारी शाळा आपलें काम दुसऱ्यावर ढकलते, आणि त्याची किंमत सर्वांत गरीब घरचें मूल देतें. मात्र एवढेंहि न देणाऱ्या घरास शाळेस दोष देण्याचा अधिकार उरत नाहीं.