दाखल्यातला एक रकाना

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या जिल्हा परिषद प्रशालेत मुलं किती, मुली किती, मुस्लिम किती, ओबीसी किती, हे आज यू-डायसच्या माहितीवरून कळतं. आकडे समोर असतात, म्हणून आपण त्यांवर विश्वास ठेवतो. पण हे आकडे तयार होतात शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतून, आणि त्या नोंदवहीला इतिहास आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तेव्हाच्या शाळा म्हणजे तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया. आजच्या भाषेत प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. सरकारी कागदांवर साल फसली. त्यात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन येतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातले निजामकालीन कागद तपासायला घेतले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत सगळ्यांना कळली. शाळेच्या जुन्या नोंदवहीतल्या एका शब्दाचं वजन किती असतं, तेही कळलं.

आपल्या समाजाला हे वजन आधीपासून ठाऊक आहे. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द आहे : मुसलमान. गावात आमचं घर तांबोळ्याचं म्हणून ओळखलं जाई, पण नाव लिहून घेणाऱ्याने विचारलं नाही आणि पणजोबांनी सांगितलं नाही. त्या काळी त्याने काही अडलंही नाही.

अडलं ते पुढे. १९९० च्या दशकात तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा मुस्लिम जातींना राज्यात ओबीसी सवलती मिळू लागल्या. त्यामागे शब्बीर अन्सारी यांच्यासारख्यांची चळवळ होती. पण जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तोही वडिलांकडच्या रक्तनात्यातला. शाळेची नोंद हा त्यातला मोठा आधार. जिथे 'मुसलमान' एवढंच लिहिलं, तिथे नातवाची धावपळ सुरू होते. कधी खासरा पत्रक शोधा, कधी जन्म-मृत्यूची नोंद.

आता पुन्हा त्या पटाकडे पाहा. यू-डायसमध्ये अल्पसंख्याक आणि सामाजिक प्रवर्ग हे वेगवेगळे रकाने आहेत. ज्याच्या घरी जुना पुरावा सापडला, तो मुलगा मुस्लिमही आणि ओबीसीही मोजला जातो. शेजारच्या बाकावरचा, त्याच धंद्याच्या आणि तेवढ्याच गरिबीच्या घरातला मुलगा मात्र खुल्या प्रवर्गात जातो. शिष्यवृत्ती आणि पुढचे प्रवेश यांत दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. म्हणून 'या शाळेत मुस्लिम ओबीसी इतकेच' असा आकडा वाचला की मी तो मुलांचा आकडा मानत नाही. ज्यांच्या आजोबांना कुणी नीट विचारलं, त्यांचा तो आकडा असतो.

आजोबांची नोंद मला बदलता येत नाही. पण मुलाचं नाव घालायला जाताना आई-वडिलांनी जात स्पष्ट सांगावी, लिहिलेलं वाचून घ्यावं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या शाळेतून नोंदवहीचा प्रमाणित उतारा आजच काढून ठेवावा. कागद जीर्ण होतात, आणि उर्दू वाचणारे हातही कमी होत चालले आहेत.