झाडावर की झाडात?

इंग्रजी बोलताना आपल्या माणसाची गाडी मोठमोठ्या शब्दांपाशी अडत नाही. ती अडते ऑन, इन, ॲट, टू असल्या चिमुकल्यांपाशी. आमच्या वेळी दिघोरीत इंग्रजी पाचवीपासून असायची (राज्यात ती पहिलीपासून आली २००० साली). फळ्यावर समीकरणं: ऑन म्हणजे वर, इन म्हणजे मध्ये, विथ म्हणजे शी किंवा बरोबर. संपलं! मग पुढे आयुष्यभर 'अँग्री ऑन मी', 'मॅरीड विथ हर', आणि ऐकणाऱ्यांचं गालातल्या गालात हसणं...

पण गंमत बघा. आपण 'माझ्यावर' रागावतो, म्हणून ऑन. लग्न 'तिच्याशी' होतं, म्हणून विथ. म्हणजे मराठी अगदी शुद्ध, फक्त कपडे इंग्रजी. उलट साहेब पक्ष्याला झाडाच्या 'आत' बसवतो. फळ मात्र 'ऑन द ट्री'. स्वतः बसच्या आत बसून 'ऑन द बस' म्हणतो आणि कारमध्ये शिरला की 'इन'. असो.

ही समीकरणं आली कुठून? १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं. इंग्रजीच्या धर्तीवर शब्दांच्या आठ जाती मराठीत रुळल्या, त्या या वाटेने. पण प्रीपोझिशन म्हणजे 'आधी ठेवलेला', आणि आपले वर, खाली, साठी तर शब्दाच्या मागे लटकतात, तेही शब्दाचं रूप बदलून. झाड वर नाही, झाडावर. त्यामुळे मराठीत नाव पडलं 'शब्दयोगी अव्यय'. आधी की नंतर याची भानगडच नाही, नुसतं जोडलेलं. मला हे नाव फार शहाणपणाचं वाटतं.

घोटाळा पुढे झाला. प्रीपोझिशनचं निम्मं काम आपल्याकडे विभक्ती करते: घरी, घरात, घराला. ती व्याकरणात वेगळ्या धड्यात बसली आणि इंग्रजीच्या तासाला विसरली गेली. खरं तर सोमवारी, जूनमध्ये, पाच वाजता अशा तीन तऱ्हा आपल्याकडे आहेतच. इंग्रजीतही तिथे तीनच: ऑन, इन, ॲट. हे शेजारी शेजारी मांडून कोणी दाखवलं असतं तर!

आणि इंग्रजी तरी कुठे स्थिर आहे? जुन्या इंग्रजीत 'विथ'चा अर्थ होता 'विरुद्ध'. 'विथस्टँड'मध्ये तो अजून उरलाय. 'बरोबर'साठी तेव्हा 'मिड' होता, जर्मनचा 'मिट' त्याचाच भाऊ. 'अस्लीप', 'अलाइव्ह' यांतला 'अ' म्हणजे झिजलेला 'ऑन'. आजही लंडनवाला 'ॲट द वीकेंड' म्हणतो, न्यूयॉर्कवाला 'ऑन द वीकेंड'. त्यापायी दोघांपैकी कोणाची नोकरी अडत नाही. आमच्याकडचं पोरगं मात्र विषय तोंडपाठ असूनही मुलाखतीत गप्प बसतं, कारण ऑन की ॲट हे ठरत नसतं.

भाच्याला मी हल्ली सुटे अर्थ पाठ करू देत नाही. 'अँग्री-विथ', 'मॅरीड-टू', 'ॲट-होम' असे जोडूनच लिहायला लावतो. शब्दयोगी, दादोबांच्या चालीवर. फक्त बसचं काय करायचं ते अजून त्याला पटवता आलेलं नाही. तो म्हणतो, "मामा, बसवर तर सामान असते!"