वर जाणारी वाट

मार्गशीर्षातली गोष्ट. अहमदपुरास आमच्या संघटनेची सभा भरली होती. कितीतरी सभासद ऊसतोडीसाठी कोल्हापूर-सांगलीकडच्या फडांवर गेलेले. त्यांच्यासाठी एका तरुण कार्यकर्त्याने मोबाइलवरून सभेचे थेट प्रक्षेपण लावले. तोडणीच्या दराचा ठराव वाचावयास घेतला आणि नेमके तेव्हाच चित्र गोठले, शब्द तुटले. हंगाम संपवून परतलेल्या मंडळींनी आम्हांस विचारले, "आकडा आम्हांला ऐकूच आला नाही, मग तो ठराव आमचा कसा?"

आम्ही निरुत्तर झालो. याच मैदानात याच फोनवर सिनेमा विनाअडथळा दिसतो, मग सभा बाहेर का जात नाही? आमचे शालेय शिक्षण बेताचेच. परंतु हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देईना. जाणत्यांना विचारून, पुस्तके चाळून जे हाती आले ते येथे मांडतो.

आमच्या भागास वरून येणाऱ्या शब्दाची सवय जुनी आहे. 1956 साली अहमदपूर तालुका बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत आला, 1982 साली लातुरात गेला. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्यावर मुंबई पाहता येई, मुंबईस काही दाखविता येत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा देशात मोबाइल सेवाच नव्हती. ती 31 जुलै 1995 रोजी कोलकाता-दिल्ली संभाषणाने सुरू झाली. खिशातल्या यंत्राने आपले चित्र जगास पाठविणे ही त्याहूनही अलीकडची गोष्ट होय.

पण या यंत्राचा इतिहासही एकतर्फीच घडला. तिसऱ्या पिढीच्या जाळ्यात आधी खाली येणारी वाट रुंद झाली, तिची कमाल मर्यादा सेकंदाला 14.4 मेगाबिट, वर जाणारी वाट त्यानंतर सुधारली, तीही 5.76 पर्यंतच. चौथ्या पिढीतल्या एका सर्रास आढळणाऱ्या फोनची कागदोपत्री क्षमता खाली 150, तर वर 50. या पिढीच्या एका पद्धतीत एकाच लहरीवर वेळेची वाटणी होते. तिच्या एका प्रचलित मांडणीत दहा हिश्शांपैकी सहा खाली येण्यास, दोन वर जाण्यास आणि दोन दिशा बदलण्यास मिळतात. शिवाय फोनची प्रक्षेपणशक्ती फार तर 0.2 वॅट, मनोऱ्याची कित्येक पटींनी अधिक. मनोऱ्याचा आवाज आपणांस ऐकू येतो, आपला त्याला ऐकू जाईलच असे नाही. त्यात मोर्चात हजार फोन एकदम उघडले, की वरचे दोन हिस्से त्या हजारांत वाटावयाचे!

म्हणून वाट अरुंद आहे हे धरूनच व्यवस्था लावली पाहिजे. ठळक चित्रास सेकंदाला दोन-तीन मेगाबिट लागतात. लहान चित्रास अर्धा पुरतो. आणि माणसाच्या बोलण्यास त्याचाही दहावा हिस्सा पुष्कळ झाला. चांगली प्रणाली फोनमध्ये तुंबलेली पाकिटे मोजते आणि वाट आटली की चित्र बारीक करते. आवाजास मात्र हात लावीत नाही. काही प्रणाली वाटेत हरवलेली पाकिटे पुन्हा पाठवितात; त्यासाठी दोन-चार सेकंदांचा उशीर सोसावा लागतो. सभेचे प्रक्षेपण तेवढ्याने बिघडत नाही. आणि मूळ चित्रण फोनमध्येच साठवून रात्री गर्दी ओसरल्यावर पाठविता येते.

पुढच्या सभेस आम्ही हेच केले. आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी वर जाणारा वेग मोजला. चित्र लहान ठेवले. ध्वनिक्षेपकाची तार थेट फोनास जोडली. ठराव दोनदा वाचला. चित्र धूसरच होते, पण फडावरून निरोप आला: "आकडा ऐकला. मान्य!"

मजुरीचा वाटा मागण्यात आमचे आयुष्य गेले. या सहा-दोनच्या हिशेबातही मागणी आहे, असे आम्हांस वाटते. लोक केवळ पाहणार आहेत, असे गृहीत धरून वाटा बांधल्या गेल्या. लोकांना सांगावयाचेही असते. ती वाट रुंद होईपर्यंत आहे त्या वाटेने चित्राच्या आधी शब्द पोहोचविणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.