शून्य कुठे धरायचं?

मुंबईत सखल भूखंडावर इमारत बांधायची तर महापालिकेच्या परवानगीपत्रात एक अट वर्षानुवर्षं येत आली आहे. जमीन भराव घालून किमान 27.55 मीटर टीएचडीपर्यंत किंवा लगतच्या रस्त्याच्या 0.15 मीटर वर, यांतलं जे जास्त असेल तिथवर उचलावी. साडेसत्तावीस मीटर म्हणजे आठ-नऊ मजले. भरतीच्या वेळी गटारांतून पाणी उलटं येणाऱ्या शहरात सखल जमीन एवढी उंच कशी, असा प्रश्न पडतोच. त्याचं उत्तर फोर्टात, हॉर्निमन सर्कलसमोर आहे.

टीएचडी म्हणजे टाउन हॉल डेटम. ज्या इमारतीला आपण एशियाटिक म्हणतो, तो हा टाउन हॉल 1833 मध्ये बांधून पूर्ण झाला. शहरातल्या उंचीची मापं पुढे त्याच्याशी बांधली गेली आणि शून्य इतकं खोल धरलं गेलं, की समुद्राची सरासरी पातळीच त्या मापात साधारण 24.4 मीटरवर येते. मला या खोल शून्यात मोठं शहाणपण दिसतं. मुंबईच्या कितीतरी पर्जन्यवाहिन्या आणि गोद्यांचे तळ समुद्रपातळीच्या खाली आहेत. समुद्रालाच शून्य मानलं असतं, तर नकाशे उणे आकड्यांनी भरले असते, आणि एखादं उणे चिन्ह लिहायचं राहिलं की वाहिनीच्या उताराचा हिशेब चुकला असता. टीएचडीत सगळे आकडे अधिकच.

अंतरासाठी शहराचं शून्य वेगळं होतं. ते जवळच, सेंट थॉमस कॅथीड्रलपाशी. चर्चगेट हे नाव ज्या चर्चच्या दिशेच्या दरवाजामुळे पडलं, तेच हे. तिथून मोजून एकोणिसाव्या शतकात बसवलेले, रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड काळबादेवी, दादर अशा भागांत सापडले आहेत. पदपथ पुन्हा पुन्हा उंचावत गेल्याने त्यांतले काही गळ्यापर्यंत गाडले गेले होते.

देशाच्या उंचीची कुळी मात्र समुद्रापासूनच सुरू होते. 1858 मध्ये कराचीच्या समुद्रपातळीपासून लेव्हलिंगला, म्हणजे उंचीच्या मोजणीला, आरंभ झाला. मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासून भरती-ओहोटीची नोंद होऊ लागली. पुढे 1909 मध्ये ही मापं एकमेकांशी जुळवताना नऊ बंदरांवरची सरासरी पातळी शून्य धरली गेली, त्यांत मुंबई आणि कारवारही होती. या कामाच्या खुणा म्हणजे ‘जीटीएस बीएम’ अशी रोमन अक्षरं कोरलेले दगड. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, बीएम म्हणजे बेंचमार्क. कधी वेगळा दगड पुरला जाई, कधी पुलाच्या किंवा देवळाच्या पक्क्या बांधकामावरच खूण कोरली जाई.

काम विलक्षण चिकाटीचं. मागे एक स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, पुढे एक, आणि लेव्हलची दुर्बीण दोन्हींपासून सारख्या अंतरावर. अंतर सारखं असलं की पृथ्वीची गोलाई आणि दुर्बिणीतला दोष दोन्ही वाचनांत सारखाच येतो आणि वजाबाकीत उडून जातो. मुख्य मार्गांवर दोन सर्व्हेअर एकामागून एक, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मोजत जात. प्रत्येक दगडाची उंची आधीच्या दगडाकडून आलेली, त्यामुळे मध्ये एका मापात चूक झाली तर ती पुढच्या सगळ्यांत उतरते.

नागपूरच्या झिरो माईलला 1907 ची अशी खूण आहे आणि तिची उंची 1020.171 फूट दिली जाते. दशांश चिन्हापुढे तीन आकडे, समुद्रापासून शेकडो मैल आत! लोक तिथे जातात ते भारताचा मध्यबिंदू पाहायला, घोड्यांच्या शिल्पांजवळ फोटो काढायला. माझ्या मते तिथलं खरं कर्तृत्व त्या तीन आकड्यांत आहे.

उपग्रहांमुळे हे दगड निकामी झाले, असं समजायचं कारण नाही. जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या एका गणिती आकारावरून मोजलेली असते. त्या मापाने मुंबईचा समुद्रकिनारा शून्याच्या साठाहून अधिक मीटर खाली जातो. पाणी कुठे वाहील हे ठरवायचं, तर तो आकडा पुन्हा समुद्राशी आणि बेंचमार्कशी जुळवून घ्यावाच लागतो.

मुंबईत तर आणखी एक शून्य आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत 4.8 मीटर भरतीचा इशारा येतो, तो मोजलेला असतो जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीपासून. सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर. म्हणजे ही भरती सरासरीच्या सव्वादोन-अडीच मीटर वर चढते. परवानगीपत्रातले 27.55 मीटर सरासरीच्या तीन मीटरांहून थोडे वर. दोन्ही आकडे एका मापात आणले की भरतीचं पाणी आणि भराव घातलेली जमीन यांच्यात साधारण मीटरभर अंतर उरतं. बहुतेक पर्जन्यवाहिन्यांची तोंडं मात्र भरतीच्या रेषेखालीच आहेत, म्हणून हाजी अली, इर्ला, ब्रिटानिया इथे पंप बसवून पाणी समुद्रात उचलून टाकावं लागतं.