अपस्मार, बालकांतील : औषधे थांबविणे
अपस्माराच्या (फेफरे, मिरगी) बहुतेक मुलांना जन्मभर गोळ्या लागत नाहीत. सुमारे 2 वर्षे एकही झटका आला नाही, तर बालमेंदूविकारतज्ज्ञ औषध बंद करण्याचा विचार करतात. अशा मुलांपैकी साधारण 60 ते 70 टक्के पुढेही झटक्यांपासून मुक्त राहतात.

अपस्माराचा प्रकार येथे निर्णायक असतो. झोपेत चेहऱ्याच्या एका बाजूला झटके आणणारा, रोलँडिक नावाचा सौम्य प्रकार पौगंडावस्थेत बहुधा आपोआप संपतो. किशोरवयीन मायोक्लोनिक अपस्मारात मात्र औषध थांबविताच झटके बहुधा परततात. ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) सदोष असणे, मेंदूला इजा किंवा बौद्धिक अक्षमता असणे यांनीही झटके परतण्याचा धोका वाढतो.

मात्रा काही आठवडे ते महिन्यांत उतरवितात. फिनोबार्बिटोन व क्लोबाझाम या औषधांची अधिकच सावकाश. अनेक औषधे असल्यास एका वेळी एकच कमी करतात. पुन्हा झटका आलाच, तर तो बहुधा पहिल्या वर्षात येतो; म्हणून या काळात पोहणे, उंचावर चढणे देखरेखीखालीच हवे. औषध एकाएकी तोडल्यास न थांबणारे, जीवघेणे झटके येऊ शकतात. पालकांनी मूल बरे दिसते म्हणून स्वतःहून गोळ्या कधीही बंद करू नयेत.