नावामागचा माणूस : विकिपीडियावरील दुहेरी खात्यांच्या चौकशीचा इतिहास

तोतया हा शब्द कानी पडला की मराठी माणसाला भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. सदाशिवराव भाऊ १७६१ साली पानिपतच्या रणात पडले. पुढे काही वर्षांनी एक मनुष्य 'तो भाऊ मीच' म्हणून उभा राहिला, त्याच्याभोवती माणसे जमली, पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडाली आणि अखेर १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. प्रकरण अवघड होते खरे. पण चौकशीला दोन आधार होते. भाऊसाहेबांना जवळून पाहिलेली, त्यांचा आवाज ओळखणारी माणसे हयात होती, आणि आरोपीला समोर उभा करून प्रश्न विचारता येत होते. आज आम्हांला ज्या चौकशीचा इतिहास सांगावयाचा आहे, तीत हे दोन्ही आधार नाहीत. शिवाय तेथील पेच अगदी उलटा आहे. भाऊसाहेबांच्या नावावर एका परक्या माणसाने हक्क सांगितला होता. येथे एकच माणूस पाचपन्नास नावे घेऊन बसलेला असतो, आणि ती नावे चारचौघांत एकमेकांची ओळखही दाखवीत नाहीत.

हे घडते विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशात. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी तो इंग्रजीत सुरू केला. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी तो वाचला असेल. पण त्याच्या माजघरात डोकावणारे थोडे. तेथे प्रत्येक लेखाच्या पाठीमागे एक चर्चापान असते आणि एक इतिहास असतो. कोणत्या खात्याने कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी कोणता शब्द बदलला, याची नोंद त्या इतिहासात राहते. लिहिणाऱ्याने खरे नाव सांगण्याची सक्ती नाही. 'वाटसरू' म्हणा, 'क १२३' म्हणा, कोणी हरकत घेत नाही. माणूस कोण आहे हे पाहू नका, त्याने काय लिहिले आणि त्याला आधार कोणता दिला एवढेच पाहा, अशी या संस्थेची मूळ धारणा. आम्हांला ती फार उदात्त वाटते. आणि तीच तिची दुखरी बाजूही आहे.

कारण वादाचा निकाल तेथे मतैक्याने लागतो. नुसती डोकी मोजू नयेत असा दंडक आहे. परंतु दंडक काहीही असो, पाच जण एका बाजूला आणि एक जण दुसऱ्या बाजूला दिसला की सहाव्याचा आवाज आपोआप खाली येतो. ग्रामपंचायतीपासून विद्यापीठाच्या सभेपर्यंत हे आपण पाहतोच. २००४ साली इंग्रजी विकिपीडियावर आणखी एक नियम आला : एका लेखात एका दिवसात तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे बदल उलटवू नयेत. दोन भांडणाऱ्यांनी लेखाची रस्सीखेच करू नये हा हेतू. पण ज्याच्यापाशी दुसरे खाते आहे, त्याला चौथा फटका मारण्यास दुसरा हात तयारच! अशा खात्याला इंग्रजीत 'सॉकपपेट' म्हणतात. पायमोजा हातात चढवून बोटे हलवली की त्याची बोलकी बाहुली होते; आवाज मात्र तिला हलवणाऱ्याचा. आम्ही तिला बाहुली-खाते म्हणू.

दुसरे खाते असणे हाच गुन्हा, असे मात्र कोणी समजू नये. सार्वजनिक वाचनालयातील यंत्रावरून लिहिताना मुख्य खात्याची परवलीची खूण उघडी पडू नये म्हणून कोणी निराळे खाते ठेवतो. आपल्या गावात, आपल्या जातीत, आपल्या घरात ज्या विषयावर बोलणे धोक्याचे, त्या विषयावर लिहिण्यासाठी कोणी दुसरे नाव घेतो. गुन्हा आहे तो दोन नावांनी एकाच वादात उतरून आपणच आपल्याला माना डोलावण्याचा, किंवा बंद झालेल्या खात्याऐवजी नवे काढून मागल्या दाराने परत येण्याचा.

मग हे ओळखायचे कसे? आरंभी उत्तर सोपे वाटले. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. दोन खाती एकाच क्रमांकावरून लिहीत असतील तर माणूस एक. पहिल्या वर्षांत हे पाहण्याची सोय यंत्रे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांपुरतीच होती. पुढे 'चेकयूजर' नावाचे साधन तयार झाले आणि ते निवडक स्वयंसेवकांच्या हाती देण्यात आले. त्यांच्यावरील बंधने पाहण्यासारखी आहेत. गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते. सबळ कारणावाचून कोणाचेही खाते तपासता येत नाही. 'सहज पाहिले' हे कारण चालत नाही. कोणी कोणाचे खाते केव्हा तपासले याची नोंद राहते, आणि ती इतर तपासनीस पाहू शकतात. माहिती सुमारे ९० दिवसच ठेवली जाते. त्यापुढे ती पुसली जाते. म्हणजे चौथ्या महिन्यात जागा झालेल्या फिर्यादीला यंत्राकडून काही मिळत नाही.

आणि जे मिळते तेही वाटते तितके पक्के नसते. महाविद्यालयाच्या वसतिगृहातील दोनशे मुले एकाच क्रमांकाआडून जगाशी बोलत असतील. आपल्या देशात तर मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना मिळून थोडे क्रमांक वाटतात. सकाळी तुमच्याकडे असलेला क्रमांक दुपारी दुसऱ्या गावातील अनोळखी माणसाकडे असू शकतो. उलटपक्षी, घरून एका, कचेरीतून दुसऱ्या आणि वाटेत तिसऱ्या क्रमांकावरून लिहिणारा एकच माणूस यंत्राला तीन माणसांसारखा दिसतो. मुद्दाम परदेशी क्रमांकाआड लपणाऱ्याची गोष्ट तर सोडाच. म्हणून तपासनीस 'होय' किंवा 'नाही' असे सरळ उत्तर देण्यास फारसा धजत नाही. 'पक्के', 'संभवनीय', 'शक्य', 'संबंध दिसत नाही' अशा पायऱ्यांनी तो बोलतो. साक्षीपुराव्याच्या कायद्याचे ज्यांना ज्ञान आहे त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही.

तेव्हा भिस्त राहते ती हस्ताक्षरावर. छापील अक्षराला हस्ताक्षर कोठून, असे कोणी विचारील. त्यासाठी जरा मागे अमेरिकेत जावे लागेल. १७८७-८८ साली न्यूयॉर्क राज्याने नवी राज्यघटना मान्य करावी म्हणून 'पब्लिअस' या एकाच सहीने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. त्या सहीमागे हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे असे तिघे होते. पुढे १२ निबंधांबद्दल वाद राहिला : हे हॅमिल्टनचे की मॅडिसनचे? दोघांचे मत एक, शिक्षण सारखे, शैली भारदस्त. मोठमोठ्या विद्वानांना दीडशे वर्षे निर्णय लावता आला नाही. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली ग्रंथरूपाने जे उत्तर दिले, त्यात त्यांनी थोर विचारांकडे पाहिलेच नाही. त्यांनी मोजले ते बारीकसारीक शब्द. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन सढळ हाताने वापरतो, मॅडिसनच्या लेखणीतून तो क्वचितच उतरतो. एक 'व्हाइल' लिहितो तर दुसरा 'व्हाइल्स्ट'. निर्णय मॅडिसनच्या बाजूने गेला. मनुष्य आपली मते लपवू शकतो, पण 'आणि', 'तर', 'वर' यांच्यावर त्याचे लक्षच नसते, आणि तेथेच तो सापडतो.

विकिपीडियावरील चौकशीत नेमके हेच चालते. फिर्याद करणाऱ्याला नुसता संशय मांडून भागत नाही. दोन्ही खात्यांचे विशिष्ट बदल, तारीख आणि वेळेसह, समोरासमोर ठेवावे लागतात. दोघेही स्वल्पविरामापूर्वी जागा सोडतात काय? बदलाचा सारांश लिहिताना दोघांचाही तोच आडवळणी शब्दप्रयोग आहे काय? एक खाते थांबल्यावर चार मिनिटांनी दुसरे सुरू होते, पण दोन्ही एकाच मिनिटाला कधीच जागी नसतात, असे आहे काय? बदकासारखे चालते, बदकासारखे ओरडते, मग ते बदकच, या इंग्रजी म्हणीवरून तेथील लोक या पद्धतीला बदकाची कसोटी म्हणतात.

पण मॉस्टेलर-वॉलेस यांच्यापुढे दोनच माणसे होती, हे विसरता कामा नये. 'हा की तो' एवढाच प्रश्न होता. विकिपीडियापुढे सारे जग आहे. स्वल्पविरामापूर्वी जागा सोडणारे हजारो असतील, आणि एकाच पक्षाचे, एकाच पंथाचे, एकाच क्रिकेट संघाचे दोन भक्त एकमेकांसारखे लिहिणारच. साम्य शोधणाऱ्याला साम्य सापडते, हा या पद्धतीतील खरा धोका होय.

२००७ च्या नोव्हेंबरात तो उघड झाला. इंग्रजी विकिपीडियावरील एका अनुभवी प्रचालकाने एक खाते बाहुली म्हणून बंद केले. पुरावा चर्चापानावर मांडला नव्हता, तो निवडक लोकांच्या खाजगी पत्रव्यवहारात फिरला होता. त्याचा रोख असा की हा सदस्य नवा असूनही फार तरबेज आहे. पहिल्या दिवसापासून त्याला सर्व नियम ठाऊक आहेत. तेव्हा तो जुना खोडसाळ असला पाहिजे. तो जुना होता हे खरेच होते. पण तो खोडसाळ नव्हता. पूर्वीचे खाते सोडून नव्या नावाने शांतपणे लेख लिहीत बसलेला तो एक उत्तम लेखक होता. सव्वा तासाने, नेमके सांगायचे तर ७५ मिनिटांनी, खाते पुन्हा उघडले गेले. प्रचालकाने क्षमा मागितली आणि अधिकारपद सोडले. ७५ मिनिटे म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण आरोपीला आपल्याविरुद्धचा पुरावाच दिसत नाही, हे ध्यानात आल्यावर त्या समाजात जे वादळ उठले ते कित्येक आठवडे शमले नाही. गुणवत्ता हाच संशयाचा आधार झाला, ही गोष्ट आम्हांला त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत विदारक वाटते.

२०१५ साल तर या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये ७ मे रोजी सार्वत्रिक निवडणूक होती. हुजूर पक्षाचे सह-अध्यक्ष ग्रँट शॅप्स यांच्याविषयीच्या लेखात एक खाते त्यांना अनुकूल बदल करीत असल्याचे 'गार्डियन' पत्राने विकिपीडियाच्या एका तपासनिसाच्या नजरेस आणले. एप्रिलमध्ये त्याने ते खाते बंद केले, आणि ते स्वतः शॅप्स किंवा त्यांच्या माहितीतील कोणी चालवीत असावे, असे मतही नोंदविले. ऐन निवडणुकीत ती पहिल्या पानाची बातमी झाली. शॅप्स यांनी आरोप साफ नाकारला. निवडणूक होऊन गेल्यावर जूनमध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीने निर्णय दिला : हे खाते कोणत्याही विशिष्ट व्यक्तीशी जोडता येईल असा पुरावा नाही. तपासनिसाचे ते विशेष अधिकार काढून घेण्यात आले. समितीने हे कशासाठी केले असेल? दोन खाती एका हातची आहेत असे म्हणणे हे एक, आणि तो हात अमक्या जिवंत माणसाचा आहे असे जाहीर करणे हे अगदी दुसरे. पहिल्यात चूक झाली तर एक टोपणनाव बंद पडते. दुसऱ्यात माणसाचे नाव जाते. आरोप आणि निकाल यांच्यामध्ये मतदानाचा दिवस येऊन गेला होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

त्याच वर्षीच्या ३१ ऑगस्टला दुसरे प्रकरण जाहीर झाले. त्यात कसलाही पक्ष नव्हता, निव्वळ पैसा होता. लहान व्यापारी, कलावंत यांनी आपल्याविषयीचे लेख विकिपीडियाला धाडावेत, ते नाकारले जावेत. मग कोणी तरी जाणता म्हणून त्यांना गाठावे आणि 'पैसे द्या, लेख लावून देतो' म्हणावे. लेख लागल्यावर तो शाबूत राखण्यासाठी पुन्हा पैसे मागावेत. बाजारपेठेतील गुंडाची हप्तेवसुली आणि ही, यांत आम्हांला फरक दिसत नाही. काही खाती लेख लिहीत, काही नुसती त्यांच्या मदतीला उभी असत. ही मदतनीस खाती आधी किरकोळ दुरुस्त्या करून आपण नेक आहोत असे भासवीत. यंत्राचा पुरावा आणि हस्ताक्षराचा पुरावा येथे एकमेकांना बळकटी देत गेले. स्वयंसेवकांनी कित्येक आठवडे खपून ३८१ खाती शोधली, ती बंद केली आणि २१० लेख काढून टाकले. पहिल्या सापडलेल्या खात्यावरून प्रकरणाला 'ऑरेंजमूडी' असे नाव पडले. ही खाती चालविणारे कोण, त्यांची नावे काय, हे मात्र त्यांनी जाहीर केले नाही. खाते आणि खाते यांच्यातील दोरा त्यांनी शेवटपर्यंत ओढला, पण माणसाच्या दारापाशी आल्यावर ते थांबले. एप्रिलचा अनुभव ताजा होता म्हणून ते थांबले, की हा त्यांचा नित्याचाच शिरस्ता होता, यावर मतभेद होऊ शकेल. आम्ही दुसऱ्या मताचे आहोत.

आता आपल्या भाषेविषयी थोडे. ज्या भाषेच्या विकिपीडियावर स्वतःचे तपासनीस निवडण्याइतके मनुष्यबळ नसते, तिची प्रकरणे साऱ्या भाषांचे काम पाहणाऱ्या 'स्टुअर्ड' नावाच्या मंडळाकडे जातात. क्रमांक पाहण्यास भाषा लागत नाही, ते तो पाहू शकतो. पण एक खाते 'करतांना' असा जुन्या वळणाचा अनुस्वार देते आणि त्याच्या बाजूने धावून येणारे दुसरे खातेही नेमका तोच देते. दोघेही 'मुळे' शब्दाला न जोडता तोडून लिहितात. दोघांचेही 'की' ऱ्हस्व असते. हे त्या परभाषी पंचाला दिसत नाही. शिवाय शुद्धलेखनाचे जुने वळण गिरवलेली एक अख्खी पिढी तसा अनुस्वार देते, हेही त्याला ठाऊक नसते. तेव्हा मराठीत फिर्याद करणाऱ्याला दोन कामे करावी लागतात : तो अनुस्वार इंग्रजीत समजावून सांगावयाचा, आणि तो देणारी माणसे महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत हेही त्याच कागदावर लिहावयाचे.