करार, सक्ती आणि स्वातंत्र्य

राज्यसंस्थेला दूर ठेवणारा तो अभिजात उदारमतवाद आणि तिला मदतीस बोलावणारा तो आधुनिक, ही विभागणी वर्गात शिकवायला सोयीची आहे. मात्र खुद्द जॉन स्टुअर्ट मिलच तिच्यात नीट बसत नाही. १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त सर्व शिक्षण सरकारच्या हाती सोपवण्यास त्याचा कडवा विरोध आहे. आणि तिथेच, प्रत्येक मुलाला ठरावीक पातळीपर्यंत शिकवण्याची सक्ती पालकांवर असावी, हा आग्रहही आहे.

पुढे ही फट रुंदावली ती करारस्वातंत्र्याच्या प्रश्नावर. १८८१ साली लेस्टर येथील व्याख्यानात टी. एच. ग्रीन यांनी आयर्लंडमधील कुळांचा दाखला दिला. ज्याला जमीन सोडली तर उपासमारच आहे, त्याने जमीनदाराशी केलेला करार स्वतंत्र कसा म्हणावा? ग्रीन यांच्या लेखी स्वातंत्र्य हे काही करू शकण्याचे, काही होऊ शकण्याचे सामर्थ्य होते. उलट हर्बर्ट स्पेन्सरला १८८४ मध्ये हे उदारमतवादी टोरींचेच नवे अवतार वाटले. (ग्रीनच्या परंपरेतून पुढे आलेल्या विचाराला इंग्लंडात 'न्यू लिबरलिझम' म्हणत. त्याचे भाषांतर 'नवउदारमतवाद' असे केले, तर आज मराठी वाचकाला नेमका उलटा अर्थ लागतो. या घोटाळ्याने कितीतरी चर्चा नासवल्या आहेत.)

हॉबहाउस यांचे 'लिबरलिझम' आले १९११ साली. त्याच वर्षी लंडनच्या लिबरल मंत्रिमंडळाने कामगारांसाठी सक्तीच्या विम्याचा कायदा केला. आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्यात, केंद्रीय विधिमंडळात, प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातली सक्ती किती सौम्य! जिथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात आहेत तिथेच, तीही स्थानिक संस्थेची इच्छा असल्यास, आणि सुरुवातीला सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. नमुना इंग्लंड-आयर्लंडच्या कायद्यांचाच होता. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

खर्चाची आणि लोकांच्या नाराजीची कारणे पुढे केली गेली. मला त्यामागे मिलचीच एक जुनी सवलत दिसते: आपले स्वातंत्र्याचे तत्त्व 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही, असे त्याच ग्रंथात लिहिणारा मिल १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. गोखल्यांनी मात्र दोन्ही प्रवाहांतले हवे ते उचलले आणि ती सवलत तेवढी नाकारली.

१९१५ साली गोखले वारले. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा देणारा कायदा विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ मध्ये झाला.